घरची बाग : जास्वंद

महाराष्ट्रात आपण जिला जास्वंद म्हणतो, तिलाच गुजरातेत जासूद, हिंदी मुलखात गुडहल, बंगालात जबा, कर्नाटकात दासवाळ आणि केरळात चेंपरत्ती म्हणतात. इकडे तिचे लाल फूल गणपतीला प्रिय, तर बंगालात कालीमातेला. इतक्या घरोबा असलेल्या या झुडुपाचे मूळ रान कोणते, असे कोणी विचारल्यास मात्र बोट दाखवावयास जागा नाही. खऱ्या अर्थाने रानटी अवस्थेत वाढणारी जास्वंद वनस्पतिशास्त्रज्ञांना कोठेही आढळलेली नाही. लिनीयसने १७५३ मध्ये तिला ‘चीनचा गुलाब’ या अर्थाचे नाव दिले खरे, पण चीनमध्येही ती बागेतच भेटते. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘होर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथातही तिची नोंद आहे.

आपल्या अंगणांतील बहुतेक जास्वंदींना बी धरत नाही. म्हणजे हे झुडूप एका दारातून दुसऱ्या दारी गेले ते माणसाच्या हातानेच, एकेक फांदी करून. तीच रीत आजही सर्वांत सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट जून झालेली सुमारे वीतभर फांदी डोळ्याच्या लगेच खाली तिरपी कापावी. खालची पाने काढावी, वरची दोनतीन ठेवावी, आणि पाणी न साचणाऱ्या वाळूमिश्रित मातीत ती सावलीत लावावी. तीनचार आठवड्यांत मुळे फुटतात. पुढे मात्र सावली उपयोगाची नाही. दिवसातून पाचसहा तास ऊन मिळाले नाही तर पाने भरघोस येतात आणि फुले रुसतात. फुले नव्या फुटीवर येत असल्याने थंडी सरताच छाटणी करावी.

उत्तरेकडील वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की हे उष्ण प्रदेशातील झुडूप आहे. दहिवर गोठले की ते करपते. कडक थंडीत कुंडी दक्षिणेकडील भिंतीलगत ठेवून पाणी कमी करावे. रोपवाटिकांत मिळणाऱ्या थाळीएवढ्या, रंगीबेरंगी फुलांच्या संकरित जाती बहुधा साध्या लाल जास्वंदीच्या खुंटावर कलम केलेल्या असतात, कारण त्यांची स्वतःची मुळे नाजूक. सांध्याखालून फुटलेले कोंब वेळीच काढावेत. या नव्या जातींच्या हौसेपायी साधी लाल जास्वंद उपटून टाकणारे लोक पाहिले, की नवल वाटते!

आता खऱ्या संकटाविषयी. शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसू लागला, पाने आक्रसली, कळ्या उमलण्यापूर्वीच गळू लागल्या, तर पिठ्या ढेकूण ही कीड आली असे समजावे. तिच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करावी. ही कीड किरकोळ नव्हे. तिची गुलाबी जात १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर आढळली, तेव्हा जास्वंदीची कुंपणे तर गेलीच, पण कोकोसारखी पिकेही सापडली आणि शेजारच्या बेटांनी तेथील शेतमाल घेणे थांबविले. अखेर त्या भागात जे मित्रकीटक सोडण्यात आले, त्यांतील क्रिप्टोलीमस हा लहानसा भुंगेरा १९९६ मध्ये भारतातून नेलेला होता. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील. कॉफीवरील किडीच्या बंदोबस्तासाठी तो १८९८ मध्ये आपल्याकडे आणण्यात आला आणि येथेच रमला.

गंमत अशी, की या भुंगेऱ्याची अळी स्वतःही पांढऱ्या मेणाच्या झालरींनी मढलेली असते आणि पहिल्या नजरेस पिठ्या ढेकूणच वाटते. कित्येक गृहिणी तिला कीड समजून चिरडतात. फरक असा : पिठ्या ढेकूण जेमतेम तीन मिलिमीटर लांब आणि एका जागी बसून असतो, अळी त्याच्या चौपटीपर्यंत वाढते, तिच्या झालरी लांब असतात आणि ती पुंजक्यांतून हिंडत असते. प्रौढ भुंगेरा गडद तपकिरी, डोक्याकडे नारिंगी. ही मंडळी दिसल्यास फवारणीचे नाव काढू नये. न दिसल्यास लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत, आणि उरलेल्या भागावर, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूस, साबणाचे सौम्य पाणी सायंकाळी फवारावे. आठवड्याने हे पुन्हा करावे, कारण पुंजक्यांतील अंडी पहिल्या फवाऱ्यातून बहुधा वाचतात. आणि शेजारी फांदी मागावयास आले, तर ती प्रथम उजेडात उलटीसुलटी करून पाहावी, मगच द्यावी.