‘पोर्ट गेला’ म्हणण्यापूर्वी

सुजाण पालकहो, शिक्षक बंधुभगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,



येत्या सभेत वर्गांसाठी नवे लॅपटॉप घेण्याचा विषय येणार आहे. कारण एकच सांगितले जाते की जुन्या लॅपटॉपचे प्रोजेक्टरला जोडायचे पोर्ट ‘गेले’ आहे. केबल लावली तरी लॅपटॉपला प्रोजेक्टर दिसत नाही आणि भिंतीवर ‘नो सिग्नल’ एवढे दोनच शब्द उमटतात. आमचे मत स्पष्ट आहे. नीट तपासल्याशिवाय एकही यंत्र बाद ठरवू नये, आणि ही तपासणी शाळेतच, मुलांच्या हातून व्हावी. शाळेचा पैसा देणगीदारांनी आणि पालकांनी विश्वासाने दिलेला आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा त्याचा खर्च होता कामा नये.

आधी यंत्राची रीत समजून घेऊ. केबल जोडली की लॅपटॉप लगेच चित्र पाठवत नाही. समोरचा पडदा आधी आपली ओळख सांगतो : मी कोण, किती ठिपक्यांचे चित्र दाखवू शकतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. एचडीएमआय केबलला १९ पिना असतात. त्यांतली एक ‘कोणीतरी जोडले गेले आहे’ एवढीच वर्दी देते, तर दुसऱ्या दोन पिनांवरून ओळखपत्र जाते. जुन्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात आणि हे काम बारावी व पंधरावी पिन करते. एखादी पिन वाकली, किंवा स्वस्त केबलमध्ये ती तारच घातलेली नसली, की पाहुणा दारात उभा असूनही कडी वाजत नाही. आतले म्हणतात, कोणी आलेच नाही. यात पोर्टाचा काय दोष?

म्हणून तपासणी क्रमाने करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

पहिले काम प्रोजेक्टरचे. त्याच्यावर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ नावाचे बटण असते. केबल एचडीएमआयमध्ये आणि निवड व्हीजीएची, असे असेल तर चित्र येणारच नाही.

दुसरे, केबल. दुसरी केबल लावून पाहावी. मग तोच लॅपटॉप एखाद्या टीव्हीला जोडून पाहावा. टीव्हीवर चित्र आले तर लॅपटॉपचे पोर्ट निर्दोष सुटले.

तिसरे, मधला कन्व्हर्टर. व्हीजीए १९८७ सालची, तिच्यातून ॲनालॉग संकेत जातो. एचडीएमआयचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले, ते डिजिटल आहे. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. हा दुभाषा एकाच दिशेने बोलतो. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा वेगळा आणि उलट दिशेचा वेगळा. दिसायला मात्र दोघे जुळे भाऊ. काहींना यूएसबीतून वेगळी वीजही द्यावी लागते. जेल रोडवर खरेदीला जाताना दिशा कागदावर लिहून न्यावी.

चौथे, विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबावे. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेले असेल तर ‘डुप्लिकेट’ करावे. तरी न जमल्यास डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘डिटेक्ट’ दाबावे. विंडोज १० पासून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की चित्राची यंत्रणा नव्याने सुरू होते.

पाचवे, ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केले तरी ‘फास्ट स्टार्टअप’मुळे आतली काही स्थिती जपून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’ने ती पुसली जाते.

सहावे, डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पाहावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ एवढेच दिसले तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चालू नाही, आणि अशा स्थितीत बाहेरचा पडदा सहसा चालत नाही. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि बाहेरचे पोर्ट त्यांपैकी एकीलाच जोडलेले असते. ती चिप बंद पडली की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा छान चालतो आणि पोर्ट मेल्यासारखे वाटते.

टाइप-सीबद्दल वेगळा इशारा. २०१४ साली आलेल्या या पोर्टाचा आकार सगळीकडे सारखा, काम मात्र सारखे नाही. कोणाचे फक्त चार्जिंग आणि फाइल पाठवण्यापुरते असते, तर कोणाचे चित्रही पाठवते. जे पोर्ट चित्रासाठी बनलेलेच नाही, त्याला बिघडलेले म्हणणे अन्याय आहे.

इतके करूनही चित्र आले नाही तर दोष खरेच आतला असू शकतो. केबल ओढताण करून काढल्याने पोर्ट आतून सुटते. ते काम कारागिराचे, मुलांचे नव्हे. पण तेव्हाही पूर्ण लॅपटॉप कबाडीत देण्याची गरज नाही. यूएसबीतून चित्र काढणारे अडॅप्टर मिळतात आणि धडा दाखवायला ते पुरेसे आहेत. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षे पहिले आलेल्या या शहराच्या शाळेने चालते यंत्र कचऱ्यात टाकावे, हे आम्हाला शोभत नाही.

काही शिक्षक म्हणतात, आम्ही शिकवायचे की वायरी पाहायच्या? प्रश्न रास्त आहे. पस्तीस मिनिटांच्या पीरियडमधली दहा मिनिटे तारांत गेली तर कवितेला उरते काय? म्हणूनच हे काम पीरियडच्या वेळी नको. आठवी-नववीच्या पाच-सहा मुलामुलींचे एक पथक करावे आणि त्याने शनिवारी सर्व यंत्रे पाहून वहीत नोंद ठेवावी : काय बदलले, काय झाले. मुले यंत्र बिघडवतील ही पालकांची काळजीही आम्ही समजतो. पण वर सांगितलेल्या एकाही कामाला स्क्रू उघडावा लागत नाही. नियम दोनच : यंत्र उघडायचे नाही, आणि पिन जोर लावून घुसवायची नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आमची पदवी हिंदी माध्यमाची. इंग्रजीतली सूचना पडद्यावर आली की छातीत कसे धस्स होते, ते आम्हाला ठाऊक आहे. पुष्कळांना यंत्राचे भय नसतेच, भय असते त्या अक्षरांचे. मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून माणूस मागे सरतो. घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलणाऱ्या आमच्या मुलांनी असे मागे सरू नये. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टरशेजारी एक तक्ता लावावा. पडद्यावर दिसणारा शब्द देवनागरीत, पुढे त्याचा मराठी अर्थ, त्यापुढे करायची कृती. तो तक्ता पथकातल्या मुलांनीच लिहावा. जो शब्द स्वतः लिहिला, त्याची भीती राहत नाही.

सभेला आमची विनंती एवढीच की खरेदीचा ठराव एक महिना पुढे ढकलावा. तोवर पथकाची वही भरू द्यावी. वहीत जे लॅपटॉप खरेच निकामी ठरतील, त्यांच्या जागी नवे अवश्य घ्यावेत. त्याला आमचाही हात वर असेल. पालकांनी घरी पडून असलेल्या चांगल्या केबली शाळेत पाठवाव्यात. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुट्टीत इंदूरला आल्यावर एखादा शनिवार पथकाला द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुख्याध्यापक