गाडीच्या स्टेअरिंगला खेळ आला असेल तर…

गेल्या वेचणीच्या दिवसांत कारंजा तालुक्यातील धनज येथे आमचे जाणे झाले. परतताना एस.टी. चुकली. वस्तीतला एक तरुण म्हणाला, "चला काका, मी कारंज्याले कापूस घेऊन चाललोच हाये. बसा समोर." हा मुलगा सालगड्याचा. दहावीनंतर शिक्षण थांबले, पण कष्टाला मागे हटणारा नाही. कर्ज काढून त्याने जुना टेम्पो घेतला आहे. हंगामात कापूस, सोयाबीन, तूर बाजारात पोहोचवतो आणि संध्याकाळी वेचणीच्या बायांना शेतातून घरी आणतो.

गाडी निघाली आणि आमचे लक्ष त्याच्या हातांकडे गेले. रस्ता सरळ होता, तरी त्याचे हात स्टेअरिंगवर सारखे डावीकडे-उजवीकडे फिरत होते. एवढे फिरवूनही गाडी डुलतच होती. आम्ही विचारले तर हसून म्हणाला, "जुनी गाडी हाये काका, थोडी डुलनारच. मागच्या आठवड्यात एकानं बोल्ट कसून देल्ला. तवापासून हाताले जड लागते, पन डुलनं काही गेलं नाही."

आमची उमेदीची वर्षे गाड्यांखाली पाठ टेकवण्यात गेली आहेत. हे ऐकून आम्हाला स्वस्थ बसवेना. पुढे एका कडुनिंबाखाली गाडी उभी करायला लावली.

वाचकहो, आपल्या कितीतरी घरांतील मुले आज टेम्पो, जीप, ट्रक चालवून संसार चालवतात. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या हाताची घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जुन्या गाडीचे स्टेअरिंग ढिले का होते, हे मालकाला स्वतःला कळले पाहिजे. म्हणून आज या सदरात तेच सांगत आहोत.

आधी हे समजून घेऊ की स्टेअरिंग म्हणजे एकच वस्तू नव्हे. हातातील चाकापासून रस्त्यावरील चाकापर्यंत ती एक साखळी आहे. हातातील चाकाचा दांडा खाली स्टेअरिंग बॉक्समध्ये जातो. बॉक्समधून ड्रॉप आर्म निघतो. त्याला ड्रॅग लिंक जोडलेली असते आणि ती एका चाकाला वळवते. दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधणारा तो टाय रॉड. आणि प्रत्येक चाक ज्यावर वळते तो किंग पिन. या प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली तरी सगळी मिळून हाताला वीतभर जाणवते. यालाच आपण खेळ म्हणतो, गॅरेजवाले प्ले म्हणतात.

आपल्याकडे ही झीज लवकर होते. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे होतात. पांदण रस्त्याने शेतात गेलेली गाडी चिखल घेऊनच बाहेर येते. सांध्यावरची रबरी टोपी फाटली की चिखल-पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि लोखंड लोखंडाला खाते.

आता तपासणी. तिला दोन माणसे लागतात, पैसा लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. समोरची चाके सरळ असावीत आणि जमिनीवरच असावीत. एकाने स्टेअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने खाली वाकून एकेक सांधा पाहावा, हात लावून पाहावा. गाडीला पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे लागते. तेव्हा गिअर न्यूट्रल असावा आणि बोटे सांभाळावीत.

पाहायचे एवढेच की हालचाल कोठे हरवते. वरचा दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर खेळ बॉक्समध्ये आहे. ड्रॉप आर्म हलतो पण पुढच्या सांध्यातील गोळा नुसताच डगमगतो, तर तो सांधा गेला. बॉक्सच चासीवर सरकत असेल, तर त्याचे बोल्ट ढिले आहेत किंवा चासीला तडा आहे. हा तडा फार वाईट. त्याला उशीर करूच नये.

मग समोरचा अ‍ॅक्सल जॅकने उचलावा आणि खाली भक्कम स्टँड द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवावे. डगमगले तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर डगमग थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिली, तर किंग पिन आणि त्याचे बुश झिजले. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवले की टाय रॉडचे सांधे बोलू लागतात. मारुती ८०० सारख्या लहान मोटारीत ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक नसते. तेथे रॅक असतो. त्याचे क्लॅम्प, बुश आणि दोन्ही टोकांचे सांधे पाहावेत.

कडुनिंबाखाली आम्ही हेच केले. तो पोरगा स्टेअरिंग हलवत होता, आम्ही खाली होतो. डाव्या चाकाजवळच्या टाय रॉडच्या सांध्याची रबरी टोपी फाटून लोंबत होती. आतला गोळा बोटाने हलत होता. आणि नटातून जी स्प्लिट पिन असायला हवी, तिच्या जागी कुंपणाची तार पिळून बांधली होती. आम्ही त्याला खाली बोलावून ते दाखवले. बराच वेळ तो काही बोलला नाही.

त्याच्या गाडीला आधी झालेला उपाय नेहमी होणारी चूक आहे. बॉक्सवर एक स्क्रू असतो, त्याला लॉक नट असतो. तो कसला की बॉक्समधील दात जवळ येतात आणि हाताला खेळ कमी वाटतो. काम दोन मिनिटांचे, म्हणून सगळे आधी त्यालाच हात घालतात. परंतु गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्सचे दात मधोमध जास्त झिजतात, कडेला कमी. मधला खेळ घालवायला स्क्रू जास्त कसला तर वळणावर दात अडकतात, स्टेअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. खालचा सांधा मात्र होता तसाच राहतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवावा. प्रथम टायरमधील हवा, चाकांचे नट, कमानीचे यू बोल्ट आणि बॉक्सचे बोल्ट. नंतर सांधे. झिजलेला सांधा बदलावाच. त्याला वेल्डिंग करू नये, ठोकून घट्ट करू नये. जुना काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवावे आणि नवा तितकेच आटे बसवावा. स्प्लिट पिन दरवेळी नवीनच घालावी. त्यानंतर बेअरिंग आणि किंग पिन. किंग पिनचे बुश बसवून त्यांना रीमर मारणे हे वर्कशॉपचे काम आहे, ते घरी करू नये. सगळ्यात शेवटी बॉक्स. आधी त्यातील तेल पाहावे. मग चाके सरळ ठेवून स्क्रू पाव आट्याहून कमी फिरवावा, लॉक नट घट्ट करावा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. कोठेही अडकले तर स्क्रू परत सैल करावा. एवढे झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. ग्रीस निपल असलेल्या सांध्यांना नेमाने ग्रीस मारावे, विशेषतः पावसाळ्यात.

कायदाही याविषयी गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ व्या नियमानुसार स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांहून जास्त खेळ चालत नाही. ३० अंश म्हणजे घड्याळातील एका तासाचे अंतर. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर ते जवळपास १२ सेंटीमीटर भरते. सांध्यांवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात, असेही त्याच नियमात आहे. परंतु ही शेवटची हद्द आहे. तेथपर्यंत वाट पाहू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तो कारंज्याजवळूनच जातो. इतर रस्त्यांवरही वेग वाढला आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरून ट्रक आला असताना हात फिरवायचा आणि खेळ संपण्याची वाट पाहायची, एवढा वेळ कोणाजवळ आहे?

त्या दिवशी टेम्पो पुढे गेला नाही. कापूस दुसऱ्या गाडीत भरला. कारंज्याहून नवे सांधे आणले, ते बसवले, कसलेला स्क्रू योग्य जागी आणला. दोन दिवसांचे भाडे बुडाले, हप्ता तोंडावर होता. पोरगा कुरकुरत होता. तेव्हा त्याची आई ती पिळलेली तार हातात घेऊन म्हणाली, "बापू, सांजच्याले मागं मीच बसतो ना रे. अन् माह्यासंगं बारा जनी."

यावर तो काय बोलणार! मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत, हे आम्ही त्याला सांगितले, तुम्हालाही सांगतो. परंतु शेतातून अंधारात पायी येणाऱ्या बायांपुढे दुसरी सोय नसते, हेही आम्ही पाहतो. निदान ज्या घरात गाडी आहे, तेथील आई-बहिणींनी मुलाला महिन्यातून एकदा विचारावे, "खालून पाहिली का रे गाडी?" आणि त्याने नुसते हो म्हटले तर ऐकू नये. स्टेअरिंग हलवायला स्वतः बसावे आणि त्याला खाली पाहायला पाठवावे.