खाटेआधीचा आजार

गरिबांच्या आरोग्यासाठी सरकारने गेल्या काही वर्षांत जे मोठे निर्णय घेतले, ते प्रामुख्याने विम्याच्या वाटेने गेले. २०१८मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली आणि २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेऊन ती राज्यातील सर्वच कुटुंबांना लागू करण्याचे ठरवले. हे निर्णय स्वागतार्ह आहेत आणि हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाच्या उपचारांसाठी दागिने-जमीन विकण्याची वेळ ज्यांच्यावर आली असती, अशा असंख्य घरांना त्यांनी सावरले आहे. तथापि या दोन्ही योजनांचा पाया आंतररुग्ण सेवेचा, म्हणजे रुग्णालयात दाखल करून घेतलेल्या रुग्णावरील उपचारांचा आहे. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च धरला जातो. वर्षाचे उरलेले दिवस ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह, त्वचारोग आणि सांधेदुखी घेऊन जो माणूस हिंडतो-फिरतो, कामावर जातो, तो योजनेचे कार्ड खिशात असूनही विम्याबाहेरच असतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी उपचारांच्या वेळी थेट स्वतःच्या खिशातून भरलेल्या पैशांचा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. परंतु उरलेल्या रकमेत बाह्यरुग्ण उपचारांचा, त्यातही औषधांचा भार मोठा आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत असे दिसले, की दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी शहरांत साधारण एक चतुर्थांश आणि ग्रामीण भागात एक तृतीयांश उपचारच सरकारी ठिकाणी झाले होते. बाकीच्यांनी गल्लीतल्या डॉक्टरची फी भरली, किंवा औषधाच्या दुकानदारालाच विचारून दोन गोळ्या घेतल्या.

या व्यवस्थेतील विसंगती मधुमेहाच्या उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या डायलिसिसचा, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याच्या उपचाराचा खर्च फुले योजना उचलते. मात्र ज्या स्वस्त गोळ्या वर्षानुवर्षे नियमित घेतल्या असत्या, तर कदाचित डायलिसिसची वेळच आली नसती, त्या गोळ्यांसाठी रुग्णाने आपला खिसा चाचपायचा असतो. सार्वजनिक पैसा शेवटच्या टप्प्यावर सढळ आणि पहिल्या टप्प्यावर हात आखडून वापरला जातो. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीतही हेच आढळते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. तेथेही हिशेबाचे एकक खाट हेच राहिले.

दाखल होण्यापूर्वीच्या आजाराची जबाबदारी घेणारी एक जुनी विमा योजना देशात आहे, ती म्हणजे १९४८च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना. तिच्या दवाखान्यांतून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला साध्या तापाचेही औषध मिळते. परंतु तिचा लाभ नोंदणीकृत आस्थापनांतील, दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांपुरता आहे. नाक्यावर उभा राहणारा मजूर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, फेरीवाला आणि भाड्याची रिक्षा चालवणारा यांचे नाव कोणत्याही मालकाच्या हजेरीपटावर नसते, म्हणून ते या छत्राखाली येत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तीतला मोफत दवाखाना हाच एकमेव विमा उरतो.

मुंबई महापालिकेने २०२२च्या अखेरीस सुरू केलेल्या आणि राज्य सरकारने १ मे २०२३पासून राज्यभर नेलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवले पाहिजे. तपासणी, औषधे आणि रक्ताच्या अनेक चाचण्या मोफत, हे तिचे दर्शनी रूप आहे. तिची खरी सुधारणा मात्र वेळापत्रकात आहे, कारण मुंबईतील यांपैकी अनेक दवाखाने रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्याची सोय झाली. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीशी रांग लावायची, मग डॉक्टरांच्या दाराशी, मग रक्त देण्यासाठी आणि शेवटी औषधांच्या खिडकीपुढे; एवढे उरकेपर्यंत दुपार टळते आणि कामाचा खाडा पडतो. रोजंदारीवरील माणसाला मोफत उपचारांची किंमत अशी बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते, म्हणूनच तो दुखणे अंगावर काढतो. संध्याकाळी कामावरून परतताना, घराजवळ, अर्ध्या तासात डॉक्टर भेटत असेल तर हा खर्च शून्यावर येतो. उत्पन्नाचा दाखला किंवा पत्त्याचा पुरावा नसलेल्या स्थलांतरितालाही तेथे परत पाठवले जाऊ नये, एवढी दक्षता मात्र सतत घ्यावी लागेल.

औषधांचा प्रश्न याहून कठीण आहे. डॉक्टरांनी तपासले, पण गोळी ‘बाहेरून आणा’ असे सांगितले, तर मोफत तपासणीला अर्थ उरत नाही, आणि बाहेरून आणावी लागणारी चिठ्ठीच नको हे धोरण महापालिकेने जाहीर केले ते याच कारणाने. रक्तदाब असलेल्या बाईला पाच दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावले, तर दोन-तीन फेऱ्यांनंतर ती येणे सोडते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तर रांगेत कशाला उभे राहायचे, असे तिला वाटते आणि ते स्वाभाविक आहे. महिन्याचे औषध एकदम हातात पडणे, पुढच्या महिन्यात ती आली नाही तर आशा सेविकेने दार वाजवणे आणि आधीच्या मापनांची नोंद नव्या डॉक्टरसमोर असणे, या तीन गोष्टींनी दीर्घ आजार आटोक्यात राहतो. उद्‌घाटनांच्या बातम्यांत दवाखान्यांची संख्या येते. सलग बारा महिने औषध मिळालेल्या रुग्णांची संख्या कधी येत नाही. महापालिकेने आणि आरोग्य खात्याने ती दर तिमाहीला प्रसिद्ध करावी.

उपचारांच्या या सातत्याबाबत दिल्लीतील मोहल्ला क्लिनिकांचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. २०१५मध्ये सुरू झालेली ती कल्पना देशभर चर्चेत राहिली, अनेक राज्यांनी तिच्यासारख्या योजना आणल्या, आणि २०२५मध्ये सत्तांतर झाल्यावर तिच्या जागी केंद्राच्या नमुन्याची आरोग्य मंदिरे आणण्याचा निर्णय झाला. पाटीवर कोणाचे नाव असावे, हा पक्षांचा विषय आहे. पण पाटी बदलताना रुग्णाची नोंद, त्याचे औषध आणि त्याच्या ओळखीचा डॉक्टर बदलला, तर नुकसान त्याचे होते. महाराष्ट्रानेही हा धोका ओळखला पाहिजे, कारण येथील दवाखानेही एका योजनेच्या नावाने आणि बहुतांशी कंत्राटी मनुष्यबळावर उभे आहेत. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३मध्येच पन्नास हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष घातला होता. २०११च्या जनगणनेतील मुंबईची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली, तरी एकट्या या शहराला सुमारे अडीचशे पूर्ण क्षमतेची केंद्रे लागतात. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांची मंजूर, कायम पदे असल्याशिवाय या केंद्रांना पूर्ण क्षमतेची म्हणता येणार नाही.

त्याबरोबरच वस्तीतला दवाखाना आणि मोठे रुग्णालय यांच्यात दुहेरी वाट हवी. दवाखान्याच्या डॉक्टरने शीव किंवा केईएम रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णाला तेथे पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात करावी लागू नये, आणि रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णाचा कागद त्याच्या दवाखान्यात त्याच्याआधी पोहोचावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. आगामी अर्थसंकल्पात या नोंदींच्या जोडणीसाठी आणि औषधनिर्मात्यांच्या पदांसाठी स्वतंत्र तरतूद करणे राज्य सरकारला आणि महापालिकांना सहज शक्य आहे, आणि विमा योजनांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ती रक्कम लहानच असेल.