तारामतीची भूमिका करणारा आचारी

नारायणराव राजहंस यांनी बालपणी जळगावास महबूबखाँपाशी गाण्याचे धडे घेतले व पुढे तेच बालगंधर्व झाले, ही गोष्ट धुळे-जळगावकडील मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली ती १९१३ च्या जुलैत. त्याच साली ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला होता. आणि त्यातही नायिकेचे काम पुरुषानेच केले होते. त्या पुरुषाचे नाव मात्र आमच्यापैकी किती जणांस सांगता येईल?

ते नाव अण्णा साळुंके. मुंबईस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात ते दरमहा १० रुपयांवर आचारी होते. तारामतीसाठी फाळक्यांनी पुष्कळ शोध केला, जाहिराती दिल्या. कुलीन घरातून कोणी येणे शक्यच नव्हते. पण नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही या कामास राजी होईनात. अखेर या आचाऱ्याची नाजूक अंगकाठी फाळक्यांच्या नजरेत भरली आणि १५ रुपयांवर तारामती मिळाली.

रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्यास गळ्याची साथ असे. एखादे पद रंगले की 'वन्समोअर' येई. मूकपटात ते कोठले? जे सांगावयाचे ते चर्येने व हातांनीच सांगावयाचे. तरीही १९१७ च्या 'लंकादहना'त राम व सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी तत्पूर्वीच पडद्यावर आल्या होत्या. परंतु दोघींच्या धैर्याने सगळ्या घरांची दारे उघडत नसतात.

साळुंके नुसते नटच राहिले नाहीत. कॅमेरा हाती घेऊन ते छायालेखक झाले आणि १९२२ साली 'सत्यनारायण' व १९२३ साली 'बुद्धदेव' या मूकपटांचे दिग्दर्शनही त्यांनी केले. चुलीपुढून उठून इतकी मजल मारणे हे लहान काम नव्हे.

आज जळगावच्या खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव आहे, ते योग्यच होय. पण आपल्या आज्या-पणज्यांस जेथे उभे राहण्यास समाजाची मुभा नव्हती, तेथे त्यांच्या जागी जो उभा राहिला, त्याचे नाव निदान घरातील मुलांस तरी ठाऊक असावे. पहिल्या भारतीय चित्रपटाची गोष्ट सांगताना फाळक्यांमागोमाग साळुंक्यांचे नाव घ्यावे, इतकेच आमचे मागणे आहे.