पेंग मोजा, मग ओरडा
सदर : शाळेची घंटा

नववीच्या वर्गात पहिल्याच तासाला दोन-चार माना खाली गेल्या, की सरांचं निदान तयार असतं : रात्रभर मोबाइल! ते अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. वयात येताना शरीराचं झोपेचं वेळापत्रकच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरतं, त्यामुळे लवकर आडवं होऊनही डोळा लागत नाही. या वयाला झोप हवी 8 ते 10 तास. अकराला झोपलेल्या पोराने सहाची शिकवणी गाठायची, तर हिशेब जुळणार कसा? देवळी-सेलूकडून पहिल्या एसटीने वर्ध्याला येणाऱ्यांचं तर विचारूच नका.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. चांगलं केलं. पण उशिरा झोप येण्याचं वय सुरू होतं ते चौथीनंतर, आणि नियम तिथेच संपतो.

त्यापुढच्या मुलांचं काय, हे अंदाजाने ठरवायला नको; दिवसाची पेंग मोजता येते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये एपवर्थ मोजपट्टी मांडली : आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागण्याच्या शक्यतेला 0 ते 3 गुण. बेरीज दहाच्या वर गेली, तर पेंग जास्त. मूळ पट्टी मोठ्यांची. तिच्यात मद्य न घेता जेवल्यावर डुलकी येते का, असंही विचारलंय. म्हणून मुलांसाठीच्या आवृत्तीत सकाळी वर्गात बसण्याचा प्रसंग आला. चिनी संशोधकांनी तर आपल्या किशोरांसाठी वेगळी प्रश्नावली बांधली. तिथल्या सरकारनेही 2021 मध्ये सांगितलं, की माध्यमिक शाळा आठच्या आधी नको.

मग वर्ध्यातल्या मुलांसाठी मराठी प्रश्नावली का नसावी? सेवाग्राम आणि सावंगी, दोन वैद्यकीय महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. नाव न लिहिता उत्तरं घ्यावीत, म्हणजे पोरं खरं सांगतील. आणि झोप पुरेशी होऊनही कोणी मरगळलेलं दिसलं, तर रक्त तपासावं; विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आहेत.

उन्हाळ्यात शाळा सकाळचीच भरणार. वर्ध्याच्या उन्हापुढे इलाज नाही. पण जुलै ते फेब्रुवारी सातच्या घंटेचा हट्ट कशाला? पाचवीपासून पुढचे वर्गही साडेआठच्या आधी नकोत, आणि शिकवणी शाळा सुटल्यावर. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांना खोल्या कमी पडतील, हे खरं. ती अडचण संस्थांची आणि शासनाची आहे. तिची किंमत पोरांच्या झोपेतून वसूल करू नये.