विश्लेषण : रेंज फुल, तरी नेट का रेंगाळते?

फोनवर रेंज फुल, पण व्हिडीओचे चक्र गोल फिरतच राहते. खान्देशातल्या कुठल्याही मध्यम गावात ही तक्रार ऐकू येते. त्यावर ठरलेली मागणी एकच : आणखी एक टॉवर उभारा. भुसावळ तालुक्यातल्या वरणगावसारख्या गावासाठी ही मागणी अर्धवट आहे. रेंज म्हणजे सिग्नल पोहोचला एवढेच. त्या सिग्नलमधून किती माहिती जाऊ शकते, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये या क्षमतेची मर्यादा गणिताने मांडली. सिग्नल गोंगाटाच्या हजारपट असेल, तर २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २०० मेगाबिट जातात. टॉवरची ताकद दुप्पट केली तर? फक्त २२०. वीज दुप्पट, फायदा दहा टक्के.

मग वाट कुठली?

उत्तराचा एक धागा पुण्याचा आहे. थॉमस कैलथ यांचा जन्म पुण्यातला आणि अभियांत्रिकीची पदवीही पुण्याचीच, १९५६ ची. पुढे ते स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. खडकवासल्याच्या एनडीएतून नौदलात गेलेले आरोग्यस्वामी पॉलराज १९९१ मध्ये तिथे त्यांच्याकडे आले. एकाच पट्ट्यावर अनेक अँटेनांतून वेगवेगळी माहिती एकाच वेळी पाठवायची, ही पॉलराज यांची कल्पना. दोघांच्या नावे १९९४ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिलाच आज ‘मायमो’ म्हणतात. बेल लॅब्जमधील एमरे तेलातार आणि जेरार्ड फॉशिनी यांनी त्याच दशकात तिचे गणित पक्के केले : दोन्ही टोकांच्या अँटेनांपैकी जी संख्या लहान, साधारण तितक्या पटीने क्षमता वाढते. टॉवरवर चार आणि फोनमध्ये चार असतील, तर आदर्श स्थितीत वरच्या उदाहरणातले २०० मेगाबिट ८०० च्या घरात जातात. पट्टा तोच, एकूण ताकदही तीच.

गंमत अशी की यासाठी अडथळे हवेत. भिंतींवर, पत्र्यांवर आपटून लहरी निरनिराळ्या वाटांनी येतात, म्हणूनच फोनला एकात एक मिसळलेले प्रवाह वेगळे काढता येतात. गावातल्या दाट गल्लीत हे जमते. मोकळ्या शेतात टॉवर समोर दिसतो, रेंज उत्तम असते, पण वाट जवळपास एकच. तिथे एका फोनला दोनपेक्षा जास्त प्रवाह मिळणे कठीण.

फाइव्ह-जी आल्याने प्रश्न सुटला?

पट्ट्यावर अवलंबून आहे. अँटेनांमध्ये साधारण अर्ध्या तरंगलांबीचे अंतर असावे लागते. ३.५ गिगाहर्ट्झला ते चार सेंटिमीटर, त्यामुळे फोनमध्ये चार अँटेना मावतात आणि टॉवरवरच्या पेटीत ६४ सुद्धा. त्या ६४ अँटेना बसस्थानकावरच्या, गल्लीतल्या आणि शेतातल्या फोनला एकाच वेळी वेगवेगळे झोत देऊ शकतात, म्हणजे शेतातली अडचणही बरीच हलकी होते. ७०० मेगाहर्ट्झला मात्र तेच अंतर २१ सेंटिमीटर, फोनपेक्षाही लांब. हा पट्टा दूरवर पोहोचतो, भिंतींतून आत शिरतो, पण माहिती कमी वाहतो. फोनच्या कोपऱ्यात अक्षरे दोन्हीकडे तीच : फाइव्ह-जी.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना सिग्नलचे तंत्रज्ञाननिहाय नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागतात. पाऊल चांगले आहे, पण नकाशावर रंगवलेला ठिपका क्षमतेबद्दल काहीच बोलत नाही. कुठला पट्टा, टॉवरवर किती अँटेना, मागे ऑप्टिकल फायबर आहे की नाही, या तीन गोष्टी प्रत्येक टॉवरपुढे छापायला लावाव्यात. फायबर नसेल तर ६४ अँटेनांचाही उपयोग मर्यादितच. ही माहिती कंपन्यांकडे आधीपासून असते. वरणगावचा ग्राहक रिचार्जला पुण्याच्या ग्राहकाइतकेच पैसे मोजतो, तेव्हा ती त्यालाही दिसायला हवी.