क्रमांक सातवा

मायकेल हार्ट या अमेरिकन लेखकाने १९७८ साली इतिहासातील शंभर प्रभावशाली व्यक्तींची क्रमवारी लावली. तीत महंमद पैगंबर पहिले, न्यूटन दुसरे, येशू ख्रिस्त तिसरे व भगवान बुद्ध चौथे. चौथेच का, म्हणून आपणांपैकी कित्येक रुष्ट होतील. आम्हांस तो वाद पोरकट वाटतो. आमची दृष्टी खिळली ती सातव्या नावावर : त्साय लुन. चिनी दरबारातील या खोज्याने इ. स. १०५ मध्ये साल, चिंध्या व मासेमारीची जुनी जाळी यांपासून केलेला कागद सम्राटास सादर केला. परंतु त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे उत्खननांत सापडले आहेत. ते करणाऱ्यांची नावे कोणीच टिपली नाहीत. तुनहुआंगचे ८६८ सालचे वज्रसूत्र कागदावरच छापलेले आहे. मग चिंध्या कुटणाऱ्या त्या अनामिकांस आपण कोणता क्रमांक देणार?